डोंगराला लागलेली मेंढरं

भिलाईच्या पोलाद कारखान्यात दुसरी धमनभट्टी उभी राहत होती त्या उन्हाळ्यात भीमाबाई लेकीच्या बाळंतपणाला कोहक्याला गेली, आणि डोंगरावरची तीसेक मेंढरं बारा दिवसांसाठी, रजा काढून आलेल्या तिच्या नवऱ्याच्या, चंपतच्या हाती आली.

चंपत प्लँटात रिगर होता, अवजड लोखंड उंचावर चढवणारा. वायररोप, चेनपुल्ली, शॅकल यांच्यातला माणूस. भट्टीच्या सांगाड्यावर दीडशे फुटांवर हा बिडी ओढत उभा राही आणि खाली साहेब लोक टोपी धरून वर बघत. त्याला उंचीची भीती नव्हती, साहेबाची नव्हती. मेंढरांपुढं मात्र त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नसे.

भुरसा डोंगरी भिलाईच्या दक्षिणेला, राजहऱ्याच्या लोहखाणीच्या वाटेवर. खाणीच्या ट्रकमधून अर्धा दिवस, मग पायी दीड तास. डोंगराच्या पूर्वेला पायथ्याशी गौंटियाची धानाची शेतं. गौंटिया म्हणजे तिकडचा गावप्रमुख. डोंगरही त्याच्याच वहिवाटीतला. पश्चिमेला खाणीच्या हद्दीचे लाल झेंडे. दक्षिणेला सरकारी जंगल. तिन्ही बाजूंना मेंढराला मनाई, आणि मध्ये कुंपण म्हणाल तर एक काडी नाही. तार नाही, खांब नाही, दगडाचा बांध नाही. तरी गेल्या दीड वर्षात भीमाबाईचं एक मेंढरू धानात उतरलं नव्हतं.

मेंढरू म्हणजे मान खाली घालून मागं जाणारं मूर्ख जनावर, असं ज्यांना वाटतं ते खुर्चीत बसलेले असतात. भीमाबाईच्या कळपात सात म्हाताऱ्या मेंढ्या होत्या. त्यांना डोंगर पाठ होता. पहाटे वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी आवाराच्या, तोंडावरची काटी सरकवली की सगळ्यांत थोरली, खांद्यावर बिबट्याच्या पंज्याचे वण असलेली, जिला भीमाबाई 'बुडी' म्हणे, ती पुढं निघे. आधी पूर्वेचा उतार, कारण तिथं ऊन आधी येतं आणि गवतावरचं दव आधी सुकतं. ऊन तापलं की तेंदूच्या झाडांखाली बसायचं. ऊन कललं की खिंडीतून पलीकडं. संध्याकाळी परत वाडग्यात. उतारावर एक काळा कातळ होता, तिथवर आली की बुडी थांबे, वास घेई आणि वळे. तिच्यामागं सगळी वळत. का वळायचं ते तिला तिच्या आईनं शिकवलेलं, तिच्या आईला तिच्या आईनं.

ही मेंढरं मुळात रामाजी धनगराची. त्याचे दोन्ही पोरगे मरोद्याला तलावाच्या मातीकामावर गेले आणि म्हातारा गुडघे धरून डोंगरावर एकटा राहिला. भीमाबाई तेव्हा खाणीच्या रस्त्यावर रेजा होती, डोक्यावर गिट्टी वाहायची. दुपारी ती रामाजीला पाणी देई. तिच्या हातचं पाणी प्यायला म्हणून त्याच्या भाऊबंदांनी त्याला शिव्या घातल्या. पुढं त्यानं तिला मेंढरं शिकवली तेव्हा ते थुंकले. भीमाबाईच्या सासरच्या माणसांनी भंडाऱ्याकडं गावची मेलेली ढोरं ओढावीत, हे सगळ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या चाललं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी ढोरं ओढणं टाकलं, मग गाव टाकलं. त्याच घरातली बाई आता जिवंत मेंढरं राखते, ह्यानं कोणाच्या पोटात दुखत असेल तर दुखू द्या. रामाजीनं मरताना मेंढरं तिलाच दिली. लेकांना नाही.

"हे विकाले नाई देत तुले," तो म्हणाला होता. "हे डोंगराले लागले हायेत. तू सांभाळ."

हे चंपतला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाडात जाणं वेगळं.

सहाव्या दिवशी शेषराव आला. हा गोंदियाकडचा मेंढरांचा दलाल, खाणीच्या कॅम्पला मटण पुरवायचा. त्याच्याजवळ पाच कोवळ्या मेंढ्या होत्या, दुर्गच्या बाजारातून चालत आणलेल्या, बरगड्या दिसत होत्या.

"काय गा चंपतभाऊ," तो कळपाकडं बघून म्हणाला, "म्हाताऱ्याइचा आश्रम काढला का अठी?"

"बायकोच्या हायेत."

"बायकोच्या म्हंजे तुमच्याच ना. का घरात तिचा हुकूम चालते?" शेषरावनं बुडीचा जबडा धरून उघडला. "पाहा. तीन दात. हे गवत तोडन का चाटन? दुसरी पाहा, थान वाळलं हाये. ह्या पावसाळ्यात मरन त खड्डा तुमालेच खोदा लागन."

चंपतनं दात पाहिले. प्लँटात वायररोपचे चार तार तुटलेले दिसले की रोप कंडेम. फोरमन खडूनं फुली मारतो, रोप बाजूला पडतो, नवा येतो. त्यात कोणी हळहळत नाही. हळहळणारा खाली चेंगरून मरतो. चंपतला वाटलं, बायको दीड वर्ष एकटी राबते, तिला हे दिसलं नसेल. बाईचं मन. आपण इथं आहोत तर एक धड काम करून जाऊ.

"तुमचे हे पाच घ्या," शेषराव म्हणाला, "ह्या सात मले द्या. मले आज कॅम्पाले वजन पाह्यजे, तुमाले पुढं कोकरं देनाऱ्या. दोघाचंही भलं."

सौदा झाला. सहाजणी दोरीनं ओढल्या की गेल्या. बुडी जाईना. चारही पाय रोवून उभी राहिली, मान ताणली, पण ओरडली नाही. शेषराव पुढून ओढत होता आणि मागून तिला ढकलत होता चंपत, आपल्या हातांनी, दीडशे फुटांवर लोखंड तोलणाऱ्या हातांनी.

भीमाबाई आली ती तेराव्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी. डोक्यावर गाठोडं, पायात धूळ. नातू झाल्याचं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि नजर उतारावर गेली. गाठोडं डोक्यावरच राहिलं.

"बुडी कुठी हाये?"

चंपतनं सांगितलं. सगळं सांगितलं, रोपचं, दातांचं, पाच नव्या मेंढ्यांचं. सांगताना त्याला वाटत होतं की ती शेवटी तरी म्हणेल, बरं केलं जी.

ती खाली बसली. गाठोडं उतरवून मांडीवर घेतलं.

"मेंढ्या नाई देल्या तुमी," ती म्हणाली. "माह्यं कुंपण देऊन टाकलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कॅम्पकडं निघाली. तीन कोस. चंपत मागं मागं, दहा पावलांवर. कॅम्पच्या स्वयंपाकघरामागं चामडी मीठ लावून वाळत घातली होती. भीमाबाई एकेका चामड्यावरून हात फिरवत गेली. एकाच्या खांद्यावर बिबट्याच्या पंज्याचे तीन जुने वण होते. तिथं तिचा हात थांबला.

"आठ दिन हो गया बाई," आचारी म्हणाला. "अब क्या ढूँढती हो? रोना है तो उधर जाके रोओ."

ती रडत नव्हती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि परत फिरली. वाटेत चंपत म्हणाला, "चूक झाली माह्यी."

"हाव," ती म्हणाली. "चाला लवकर. ऊन चढून राह्यलं. मेंढरं एकटे हायेत."

उरलेल्या जुन्या मेंढ्यांना डोंगर थोडाफार माहीत होता, पण त्यांना पुढं चालायची सवय नव्हती. त्यांना कोणाच्या तरी मागं जायचं होतं. आणि पुढं निघाल्या नव्या पाच, मैदानातल्या, काठीच्या मारावर वाढलेल्या. त्या खाली मान घालून सरळ चालत. काळा कातळ आला, गेला, त्यांच्या लेखी तो दगड होता.

आषाढात, पाऊस लागून पंधरवडा झाला होता तेव्हा, भीमाबाई खिंडीत एक मेंढी ओढ्यातून काढत होती. चंपत पूर्वेच्या उतारावर होता. वाढवून घेतलेली रजाही संपून चार दिवस उलटले होते, तरी तो गेला नव्हता. कळप निघाला. तो धावला, मागून धावला, ओरडत, काठी हलवत. मेंढरं भ्याली आणि आणखी जोरात उतरली. बघता बघता बाराएक मेंढरं गौंटियाच्या पऱ्ह्यात, रोवणीसाठी वाढवलेल्या कोवळ्या हिरव्या धानरोपांत, गळ्यापर्यंत घुसली.

गौंटिया छत्री घेऊन आला. ओरडला नाही. त्यानं आधी रोपांकडं पाहिलं, मग चंपतच्या पायांकडं. चंपतच्या पायात प्लँटचे बूट होते.

"प्लांट के साहेब आय," तो आपल्या माणसांना म्हणाला. "जूता उतार, साहेब."

चंपतनं बूट काढले. मेंढरांनी उपटलेलं एकेक रोप त्याला वेचायला लावलं आणि चिखलात परत रोवायला लावलं. बांधावर रोवणीला आलेल्या बाया बसून पाहत होत्या. एकजण म्हणाली, "धीरे धीरे बाबू, कनिहा टूट जाही," आणि सगळ्या हसल्या. कंबर खरंच मोडली होती. त्याचं रोप तिरकं बसे. पोटरीएवढ्या चिखलात ते तरंगून वर येई. मग भीमाबाई आली. लुगडं वर खोचून त्याच्या शेजारी उतरली आणि रोवू लागली. तिची ओळ सुतात होती.

संध्याकाळी गौंटिया तिलाच म्हणाला, चंपतला नाही. तिची मेंढरं उन्हाळ्यात त्याच्या शेतात बसत, लेंडीखत पडे, म्हणून त्यानं तिला डोंगर दिला होता. "ए दारी छोड़त हौं, बाई. फेर एको ठन मोर खेत मा आही, त डोंगरी छोड़ दे."

"छोड़ देबो," ती म्हणाली.

पुन्हा एक मेंढरू धानात गेलं आणि डोंगर सुटला, तर तीस मेंढरं घेऊन कुठं जायचं? लेकीच्या कोहक्याच्या झोपडीत? सेक्टर सहाच्या क्वार्टरांपुढं, साहेबांच्या बंगल्याच्या गुलाबात? डोंगर गेला की मेंढरं कॅम्पच्या चामड्यांवर आणि भीमाबाई परत गिट्टीखाली. दुसरा रस्ता नव्हता, हे दोघांना माहीत होतं.

रात्री चुलीपुढं चंपत म्हणाला, "मी खांब गाडतो. सुट्टी सुट्टीले येऊन. लाकडाचे. वरतून तार."

"डोंगर केवढा हाये, पाह्यला का? कातळात पहार नाई जात." तिनं भाकर परतली. "आन तार लावली त मेंढरू तारेले भेते. जागा नाई वळखत. जवा तार तुटन तवा?"

"मंग कसं करतं?"

"बुडी करत होती ते करतो."

तिनं तेच केलं. चंपत दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला, फोरमनचं ऐकून घेतलं, आणि नंतर दर साप्ताहिक सुट्टीला खाणीच्या ट्रकवर बसून येत राहिला. जे त्यानं पाहिलं ते त्यानं आयुष्यात कोणत्या उस्तादाकडं पाहिलं नव्हतं.

ती हाकलत नसे. काठी तिनं झोपडीतच ठेवली. मेंढरं कुठं निघालीत हे त्यांच्या कानांवरून तिला कळे, आणि ती हद्दीवर पोचायच्या आधी ही आडव्या वाटेनं तिथं जाऊन उभी असे. नुसती उभी. मेंढरं येत, बाई दिसे, थबकत. ती जिभेनं एक आवाज काढी, रामाजीचा. मेंढरं वळत. मग ती पुढच्या हद्दीवर. पूर्वेला काळा कातळ, पश्चिमेला झेंड्यांच्या अलीकडचा ओहोळ, दक्षिणेला वाळवी लागलेलं सालईचं खोड. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत. डोंगराभोवती दिवसातून चार-पाच फेरे, भर पावसात, पोतं डोक्यावर घेऊन.

"मागून कावून नाई हाकलत?" चंपतनं विचारलं. त्याला आषाढातलं आपलं धावणं आठवत होतं.

"मागून मारलं त मेंढरू काठी शिकते. म्या समोर उभी राह्यली त ते जागा शिकते. आता माह्यामुळं वळते. मंग जागेमुळं वळन."

"किती दिवसानं?"

"मले काय माहीत? बुडीले कोनं इचारलं होतं का किती दिवस लागले म्हनून?"

दुपारी तेंदूखाली ती सपाट दगडावर मिठाचे खडे ठेवी. रोज त्याच दगडावर, त्याच वेळी, पाऊस असो नसो. नव्या पाचजणींना ती हातानं धरून आणी, चाटवी, सोडून देई. आठ दिवसांनी धरावं लागलं नाही.

श्रावणात तिच्या पायांची बोटं चिखल्यांनी कुजली. करंजीचं तेल लावून ती चिंध्या बांधी, आणि सकाळी पहिल्या वीस पावलांना दात आवळी. पुढं पाय बधिर होत आणि चालत. आवाज बसला. चंपत तिला सुट्टीच्या दिवशी बसवायला बघे, "मी उभा राह्यतो, तू टेक," तर ती म्हणे, "तुमाले भेतात ते. मले वळखतात." मग तो पाणी आणी, सरपण फोडी, तिचे पाय धुई. प्लँटात कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. हसू द्या. ज्या हातांनी ढकललं होतं त्यांना तेवढंच काम उरलं होतं.

पोळ्याच्या बाजाराला जाताना रामाजीचा पुतण्या वाटेनं गेला. भीमाबाई दूर सालईच्या खोडाजवळ उभी होती, पोतं पांघरून, मेंढरांच्या मध्ये. तो चंपतला म्हणाला, "काय गा, बायको मेंढरं चारून राह्यली का मेंढी झाली तुयी?"

चंपतनं दगड उचलला. संध्याकाळी तिला सांगितलं तेव्हा ती हसली, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"बरोबर म्हनते तो," ती म्हणाली. "फुकट दगड उचलला तुमी."

भादव्यात ती हद्दीपासून मागं सरकू लागली. आधी दहा पावलं. मग झाडाआड. मग कातळावर नुसतं पोतं टाकून स्वतः ओहोळाकडं. एक दिवस पोतंही नाही. त्या दिवशी सहा मेंढरं कातळ ओलांडून गेली आणि तिला अर्धा उतार घसरत जावं लागलं, ढोपर फुटलं. बांधापासून चार हातांवर तिनं ती गाठली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून: स्वतः उभी, मग दहा पावलं, मग झाड. चंपतनं हे ऐकलं आणि आधी खाली धानाकडं पाहिलं. ती मात्र ढोपरावर हळद लावत, काल भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तसं सांगत होती.

नव्या पाचजणींतली एक, कानावर पांढरा ठिपका असलेली, आश्विन लागता लागता व्याली. कोकरू डोंगरावरच पडलं, तेंदूखाली. भीमाबाईनं त्याला हात लावला नाही. आईनं चाटून उभं केलं.

ते कोकरू वीस दिवसांचं झालं तेव्हा चंपत सुट्टीला आला. धान निसवलं होतं. खाली गौंटियाचं सगळं शेत जड होऊन एका अंगाला कलंडलं होतं, आणि मचाणावर त्याची दोन माणसं काठ्या घेऊन राखणीला बसली होती. एक मेंढरू आत गेलं तरी पुरे होतं त्यांना.

भीमाबाई उताराच्या वरच्या अंगाला, झाडापासूनही बरीच वर, दगडावर बसली होती. कळप खाली चरत होता. चंपत लंगडत आला.

"काय झालं?"

"काटा. बोरीचा. बूट खाली ठेवून आलो, अनवाणी यावं म्हनलं."

"लय शहाणे. बसा. द्या पाय."

तिनं त्याची टाच मांडीवर घेतली, केसांतून सुई काढली. काटा खोल होता. ती वाकली, नाक टाचेला टेकेल एवढी. तेवढ्यात पलीकडच्या लाल डोंगरात सुरुंग उडाला, एक, आणि लगेच दुसरा. जमिनीचा हादरा दगडातून अंगात शिरला. कळप उधळला. सगळी मेंढरं एका जथ्यानं खाली, धानाकडं. पुढं ठिपकेवाली, तिच्या पोटाशी कोकरू.

मचाणावरची माणसं उभी राहिली.

चंपत उठायला गेला. भीमाबाईनं घोट्याला धरलं. तिची बोटं चिमट्यासारखी बसली होती.

"हालू नका. सुई मोडन."

"अवं, धानात चालले ते. गेला डोंगर."

"तुमी पळसान त खरंच जातीन. बसा म्हनलं ना."

तिनं मान वर केली नाही. चंपतनं दगडाची कड धरून ठेवली. खाली धुळीचा लोट कातळाकडं सरकत होता. एवढ्या उंचीवरून तो कितीदा लोखंड खाली सोडत आला होता, एका रोपवर, आणि रोपवर त्याचा विश्वास असे. इथं रोपच नव्हता. हवा होती, गवत होतं, आणि सुई टाचेत खोल जात होती.

ठिपकेवाली कातळापाशी आली. तिचे पुढचे पाय थांबले, मागचे सरकले, माती उडाली. मागचा जथा तिच्यावर आदळला, पसरला, आणि तोही थांबला. तिनं नाक खाली घातलं. दोन पावलं आडवी गेली. मग मान वर करून डावीकडं वळली, डोंगराच्या अंगाला, आणि एकामागं एक सगळी तिच्यामागं वळली.

कोकराला पाय आवरले नाहीत. ते कातळाच्या पुढं गेलं, चार उड्या, पाच उड्या, धानाच्या वासाकडं. आईनं वळून एकदाच हाक मारली, जाड, घशातली. कोकरू उभं राहिलं. त्यानं धानाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग उड्या मारत परत आलं, कातळापाशी थांबून आईनं घेतला तिथंच वास घेतला, आणि तिच्या पोटाखाली घुसलं.

मचाणावरची माणसं खाली बसली.

"निंगला," भीमाबाई म्हणाली. तिनं काटा बोटावर घेऊन उन्हात धरला, लांबी पाहिली आणि फेकून दिला. मग टाचेवर थुंकी लावून अंगठ्यानं दाबून धरलं. अजून तिनं खाली पाहिलं नव्हतं.

"वळले?" तिनं विचारलं.

चंपतनं मान हलवली, पण ती टाचेकडं बघत होती म्हणून त्याला बोलावंच लागलं.

"वळले."

"लेकरू?"

"लेकरूबी."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि त्याचा पाय मांडीवरून खाली ठेवला.